अंगण फोडण्यापूर्वी शेजारचं पोर्च बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पार्किंगच्या जागेचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून या विषयावर आपल्या दैनिकात येणारी पत्रं मी वाचते आहे. बहुतेकांना फ्लॅटवाल्यांची काळजी. बंगलेवाल्यांचं काय, अंगणात फरशी घातली की झालं पार्किंग, असा एकूण सूर. ती फरशी घालायची की नाही यावर आमच्या घरात सात-आठ महिने खल चालला होता, म्हणून हे पत्र.

सहकारनगरमधलं आमचं घर १९७४ चं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हा त्यांच्याकडे सायकल होती, म्हणून गेट साडेतीन फुटी. रस्त्याकडची भिंत छत्तीस फूट, तिच्या आत पंधरा फूट अंगण. एका कोपऱ्यात पायरी आंबा, दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी, मधोमध तुळस. मुलाची गाडी गेली चार वर्षं रस्त्यावर असते. गल्लीत पी-वन, पी-टूची, म्हणजे सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याची बाजू बदलण्याची भानगड नाही, जो आधी येईल त्याची जागा. तो रात्री साडेआठला खराडीहून दमून येतो आणि जागेसाठी तीन-तीन फेऱ्या मारतो. बाहेरचा आरसा दोनदा फुटला. त्यात यजमानांचे गुडघे. ‘गाडी आत आली तर बाबांना थेट दारात उतरवता येईल’ हा त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. पुढची गाडी विजेवरची घ्यायची म्हणतो. तिच्यासाठी काय भिंतीवरून वायर रस्त्यावर सोडायची?

म्हणून ठेकेदाराला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला: भिंत फोडू, दहा फुटी गेट, खाली सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मुरूम, वर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक, फूटपाथवर रॅम्प. चार दिवसांचं काम. गाडी टाकीवर आली तर, असं विचारल्यावर म्हणाला, काही होत नाही हो काकू. बाराशे किलोची गाडी पन्नास वर्षांच्या स्लॅबवर रोज चढणार आणि काही होत नाही! ओळखीच्या इंजिनिअरने येऊन स्लॅब नवा घालायला सांगितला, शिवाय ड्रेनेजच्या चेंबरवर जड झाकण. खर्च तिथल्या तिथे दुप्पट झाला.

मग मुलाने टेप घेतली. बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. आमचं अंगण साडेचार मीटरच खोल. त्याची गाडी चार मीटरच्या आतली, म्हणजे मागेपुढे मिळून जेमतेम दोन-अडीच वीत उरते. गेट आत उघडलं तर गाडीला लागतं आणि बाहेर उघडलं तर फूटपाथवर येतं. राहिलं सरकतं गेट. आंब्याच्या कोपऱ्याचा विषय तर निघताक्षणी मिटला. झाड घराच्या वयाचं. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावण्याची अट असते. पन्नासावर रोपं कुठे लावायची? कायदा नसता तरी मी त्या झाडाला हात लावू दिला नसता, हे वेगळं.

राहिला मधला भाग. तुळस हलवायची आणि गेट मध्यावर घ्यायचं. इथे मुलगाच थबकला. आज आमच्या भिंतीलगत रस्त्यावर दोन गाड्या व्यवस्थित राहतात. मध्यावर दहा फुटी गेट केलं की दोन्ही बाजूंना तेरा-तेरा फूट उरतात, आणि गाडीच तेरा फुटांची! ती लावून काढायची कशी? म्हणजे आमची एक गाडी आत यावी म्हणून रस्त्यावरच्या दोन जागा जाणार. टाकीच्या कोपऱ्यात गेट घेतलं तरी एक जातेच. आणि जाते ती रात्रीपुरती नव्हे. मुलगा सकाळी नऊला निघतो. आज त्याच्या रिकाम्या जागेवर दिवसभर समोरच्या दवाखान्यातले पेशंट गाड्या लावतात. उद्या तो नसतानाही गेटसमोर कुणी थांबायचं नाही. आत जागा रिकामी, बाहेर जागा रिकामी, आणि वर आमची पाटी: ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ अशा पाट्यांना पुण्याबाहेरचे हसतात, पण त्या पाटीने रस्त्याचा तुकडा फुकटात आपल्या नावावर होतो, हे आम्हा पुणेकरांच्याही लक्षात येत नाही. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांत सहा भिंती फुटल्या. पार्किंग वाढलं असं मला तरी दिसत नाही. फक्त मालक बदलले.

पाण्याचा हिशेब मी स्वतः केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं अंगण पन्नास चौरस मीटर, पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, म्हणजे पस्तीस हजार लिटर. दहा हजारी टँकरने मोजलं तर साडेतीन टँकर. आज त्यातलं बरंचसं मातीत जिरतं. पेव्हर घातले की ते रस्त्यावर, तिथून आंबिल ओढ्याला. २५ सप्टेंबर २०१९ ची, त्या ओढ्याच्या पुराची रात्र आम्ही पाहिली आहे. त्या रात्री ओढ्याकाठच्या अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत काय झालं ते सांगायला नको. तो पूर अंगणांमुळे आला असं मी म्हणत नाही, पण उताराच्या वरच्या अंगाला राहून सगळी जमीन फरशीखाली घालायला माझं मन धजत नाही. गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांना महापालिका मिळकतकरात पाच-दहा टक्के सूट देते. अंगणात माती राखणाऱ्यालाही थोडी द्यायला काय हरकत आहे? दाखल्याचा नियम आला तर होणार याच्या उलट. गाडी घ्यायची असेल त्या प्रत्येक बंगलेवाल्याला आधी अंगण बुजवावं लागेल.

या नियमासाठी जपानचं नाव नेहमी घेतलं जातं. तिथला कायदा १९६२ चा. पण तिथे जागा स्वतःच्याच घरात हवी असं नाही. घरापासून दोन किलोमीटरच्या आत, भाड्याची असली तरी चालते. आपला नियम करताना एवढं तरी उचला. आमच्या जुन्या वसाहतींत फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरसाठी बांधलेली पोर्चेस आहेत. गाड्या कधीच विकल्या गेल्या, मुलं परदेशी, पोर्चमध्ये वर्तमानपत्रांची रद्दी आणि मोडका झोपाळा. महापालिकेने साधा करारनामा ठरवून द्यावा आणि अशा जागेवर दाखला द्यावा.

आम्ही दाखल्याची वाट पाहिली नाही. तीन घरं सोडून एक काकू एकट्या राहतात. मुलाने जाऊन विचारलं. गाडी आता रात्री त्यांच्या पोर्चमध्ये असते आणि यजमानांना आणायला-सोडायला आमच्या दारात येते. विजेच्या गाडीचा प्रश्न तेवढा उरला आहे, मीटर कुणाचा यावर अजून बोलणं व्हायचंय. भाड्याचं विचारल्यावर काकू रागावल्या. म्हणाल्या, पैसे नकोत, दर एकादशीला विठ्ठलवाडीला घेऊन जा.

आपली,
एक नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे