शेवटची दारू किती वाजता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तातडीच्या विभागाच्या केस पेपरवर 'दारू : हो / नाही' एवढाच रकाना असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही. 'हो'वर खूण केली की काम झाले, असे सगळ्यांनाच वाटते. रोज पिणाऱ्याने शेवटची दारू किती वाजता घेतली आणि पूर्वी दारू थांबल्यावर कधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का, हे कळल्याशिवाय धोका ठरवता येत नाही.

सोमवारी रात्री पाय मोडून आलेला रुग्ण बुधवारी रात्री सलाइन उपटतो, नसलेले किडे अंगावरून झटकतो आणि सगळे वेदनाशामकाला दोष देतात. प्रत्यक्षात हा दारू अचानक थांबल्याचा त्रास असतो आणि त्याचा हिशेब सरळ आहे. शेवटच्या दारूनंतर हाताची थरथर, घाम आणि मळमळ 6 ते 24 तासांत सुरू होते. फिट बहुतेक 6 ते 48 तासांत येते. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे ताप, वाढलेली नाडी आणि पूर्ण गोंधळ, साधारण 48 ते 96 तासांत. 'तोंडाला वास येतोय, म्हणजे अजून चढलेलीच आहे' हाही गैरसमजच. सवयीच्या पिणाऱ्याला रक्तात दारू असतानाही हा त्रास सुरू होतो.

दोन मोजपट्ट्यांची तर सर्रास गल्लत होते. सीवा (CIWA-Ar) या 10 मुद्द्यांच्या, 67 गुणांच्या पट्टीवर आत्ता त्रास किती आहे ते कळते. पुढे काय होईल ते नाही. तिला रुग्णाची उत्तरे लागतात, त्यामुळे गोंधळलेल्या किंवा डोक्याला मार लागलेल्या रुग्णात ती फसवते. पुढचा अंदाज बांधण्यासाठी पॉज (PAWSS) ही दुसरी पट्टी आहे. गेल्या 30 दिवसांत दारू घेतली असेल, किंवा दाखल होताना रक्तात सापडली, तर पुढचे 10 प्रश्न. 4 किंवा अधिक गुण म्हणजे जास्त धोका. जुनी फिट, जुना भ्रम, झोपेच्या गोळ्यांची जोड हे सगळे त्यात येते.

'पिता का?' या प्रश्नाला 'कधीतरी' हेच उत्तर मिळणार. 'रोज किती होते? सकाळी उठल्यावर लागते का?' असे सहज सुरात विचारावे, नातेवाइकांना बाजूला घेऊन वेगळे विचारावे. हात पुढे करून बोटे फाकवायला सांगावीत, जीभ बाहेर काढायला लावावी. थरथर तिथेच दिसते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारे औषध, चालू असेल तर नाडीवर विसंबू नये.

'दारू थांबल्याचाच त्रास' असा शिक्का मारण्याची घाईही तितकीच वाईट. रक्तातली साखर आधी पाहावी. डोक्यातला रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि यकृताचा बिघाड डोळ्यांआड होऊ देऊ नये. थायमिन (ब1 जीवनसत्त्व) शिरेतून द्यावे, कारण अशा रुग्णांत गोळी नीट शोषली जात नाही. पण साखर घसरली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नये. दारू थांबल्यावर येणाऱ्या फिटसाठी बेन्झोडायझेपिन (लोराझेपामसारखे शामक औषध) लागते. फेनिटॉइन या नेहमीच्या फिटच्या औषधावर भिस्त ठेवणे व्यर्थ.

म्हणून मागणी छोटी आहे. त्या रकान्यात 'शेवटची दारू : तारीख, वेळ' आणि 'पूर्वी फिट / भ्रम' एवढे छापावे आणि रुग्ण वॉर्डात हलवताना ते तोंडीही सांगावे. तिसऱ्या रात्रीच्या पाळीतल्या ऑर्थो वॉर्डच्या सिस्टरना त्याची सर्वाधिक गरज असते.

आपला विश्वासू,
तातडीच्या विभागातील एक डॉक्टर