भाव हलत नाही, म्हणून जोखीम नाही?

महोदय,

कालच्या अर्थपुरवणीतील सुकूकवरचा, म्हणजे व्याज वर्ज्य मानणाऱ्या शरियतला धरून मालमत्तेच्या पाठबळावर काढलेल्या रोख्यांवरचा, लेख दोनदा वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, वाद नाही. पण साध्या रोख्यांपेक्षा सुकूकच्या भावात चढउतार कमी, सबब जोखीम कमी, हे वाचून हातातला चहा निवला. सुकूक घेणारे बहुतेक जण मुदत संपेपर्यंत ते सोडतच नाहीत. व्यवहारच तुरळक, तर भाव हलणार कसा? मे महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघायचे आणि पंचगंगेला पूर येत नाही असे लिहून मोकळे व्हायचे, त्यातला हा प्रकार. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट कशासाठी आखली आहे, हे 2019 चा ऑगस्ट पाहिलेल्यांना सांगायला नको.

हे तावातावाने लिहितो आहे, कारण निवृत्तीच्या पैशातून एका कंपनीचे 'सुरक्षित' कर्जरोखे मी घेतले होते. दर्शनी किंमत 1000 रुपये. डीमॅटच्या उताऱ्यात महिनोन्महिने 998. मी खूश! मग एका तिमाहीचे व्याज आले नाही. उताऱ्यात तरीही 998, कारण शेवटचा व्यवहार तेवढ्याला झाला होता. दलालाकडे गेलो. तिथल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरेदीच्या रकान्यात एकच ओळ होती : दहा रोखे, 610 रुपये. माझ्याकडे दीडशे. "काका, भाव आहे ओ, पण घेणारा तर पायजे की." जोखमीची याहून चोख व्याख्या तुमच्या अख्ख्या पुरवणीत नाही.

मालमत्तेचे पाठबळ म्हणाल, तर तारण माझ्याही रोख्यांना होते. बहुतेक सुकूकमध्ये मालमत्ता कागदापुरती असते. पैसे थकले तर धारकाला ती ताब्यात घेऊन विकता येत नाही, कंपनीने दिलेल्या फेरखरेदीच्या वचनावरच भिस्त. दुबईच्या नखील या बांधकाम कंपनीचे सुकूक डिसेंबर 2009 मध्ये फिटले ते इमारतींमुळे नव्हे, अबुधाबीने 10 अब्ज डॉलर पुढे केले म्हणून. आणि 2017 मध्ये अमिरातीतल्या दाना गॅस या वायू कंपनीने तर कहरच केला. आपलेच 70 कोटी डॉलरचे सुकूक शरियतला धरून नाहीत, म्हणून बेकायदा, असे म्हणत कंपनीच कोर्टात गेली! कर्जदारानेच असे म्हणावे, ही जोखीम भावाच्या कुठल्या आलेखात दिसते?

लेखकांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 2007 च्या अभ्यासाचा दाखला दिला आहे. त्याचा मुद्दा, साध्या रोख्यांच्या जोडीला सुकूक ठेवले तर एकूण 'व्हॅल्यू ॲट रिस्क', म्हणजे वाईट दिवसांत किती पैसा बुडू शकतो याचा अंदाज, घटते, असा आहे. नुसते सुकूक घेऊन निवांत झोपा, असे त्यात नाही. आपल्या वाचकांनी मात्र मथळ्यावरून तसेच समजायचे.

जाता जाता, त्या आलेखाविषयी. खाली छापले आहे, 'हिरवी रेघ सुकूकची, निळी साध्या रोख्यांची'. आमच्या पेठेत येणाऱ्या अंकात ते पान काळे-पांढरे असते. दोन्ही रेघा करड्या. यातली कमी जोखमीची कुठली, तेवढे कृपया कळवावे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, मंगळवार पेठ, कोल्हापूर