मान धरली आहे, तर आधी पट्टा काढ

प्रिय मित्रा,

मान धरल्यापासून तू दिवसभर पट्टा लावून बसतोस, हे वाचून काळजी वाटली. आधी तो काढ. पट्ट्यामुळे मानेच्या स्नायूंना काम उरत नाही, ते अशक्त होतात आणि आखडलेपण लांबतं. प्रवासात फार धक्के बसणार असतील तर तेवढ्यापुरता लाव.

दुखणं कुठपर्यंत जातं ते नीट बघ, कारण उपचार त्यावर ठरतात. मान आणि खांद्यापुरतंच असेल तर ते बहुधा स्नायूंचं असतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. हातात कळ उतरत असेल, मुंग्या येत असतील तर नस दबल्याची शक्यता असते. अशा वेळी कोणतं बोट, हे डॉक्टरांना नेमकं सांग. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर साधारणपणे मानेतली सहावी नस, मधल्या बोटात सातवी, करंगळीत आठवी.

खरा उपचार व्यायामच. ताठ बस, नजर समोर. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे सरकव, गळ्याशी वळी पडेल इतकी. 5 सेकंद धर, सोड. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: हनुवटी मागे न्यायच्या ऐवजी मान खाली घालतात, नाहीतर दात आवळतात. जबडा सैल ठेव. ताण कवटीच्या खाली, मानेच्या मागच्या बाजूला जाणवला पाहिजे. हातातल्या मुंग्या वाढल्या तर मात्र लगेच थांब. दुखणं थोडं उतरलं की तळहात कपाळाला लावून डोक्याने हलकेच रेट, पण डोकं जागचं हलू देऊ नकोस. मग बाजूंनी आणि मागूनही तसंच.

शेकायचं तर 15-20 मिनिटं, पिशवी टॉवेलात गुंडाळून. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या थोडेच दिवस आणि जेवणानंतर. अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन गाडी चालवू नकोस.

कुणाकडून कडकन मान मोडून घेऊ नकोस, हे अगदी कळकळीने सांगतो. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटते आणि पक्षाघात होतो. एमआरआयचीही घाई नको. काही दुखत नसलेल्या माणसांच्याही मणक्यांत वयानुसार झीज दिसते, आणि तो अहवाल वाचून लोक उगाच मान हलवायला घाबरतात.

हातातली कळ सहा आठवड्यांनीही हटली नाही, तर एमआरआय करून इंजेक्शनचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. पण हाताची ताकद कमी झाली, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबत असू शकतो. तेव्हा सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तापासोबत मान ताठरली, किंवा पडल्यावर-आपटल्यावर दुखणं सुरू झालं, तरीही तसंच.

बोटांत मुंग्या येतात का, आणि कोणत्या, ते आजच कळव.

तुझा,
जुना मित्र