घरखर्चाच्या तुलनेतील न दिसणारे भाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशोदेशींच्या घरखर्चाची तुलना करणारा आपल्या दैनिकातील तक्ता वाचला. अमेरिकन कुटुंब अन्नावर सुमारे १३ टक्के आणि भारतातील शहरी कुटुंब जवळजवळ ४० टक्के खर्च करते, एवढ्यावरून आपले राहणीमान तितके मागे आहे असा काढलेला निष्कर्ष मला अपुरा वाटतो.

उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले होते आणि आपल्याकडेही तसेच घडत आहे. शहरी भागात १९९९-२००० मध्ये ४८ टक्के असलेला हा वाटा केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च सर्वेक्षणात ३९.६८ टक्क्यांवर आला. त्यातही धान्याचा हिस्सा आता फारच थोडा आहे. तयार खाद्यपदार्थ व पेये यांचा सर्वांत मोठा. म्हणजे तूरडाळ आणि शेवेचे पाकीट दोन्ही अन्नाच्याच खात्यात जमा होतात.

खरी अडचण आहे ती घराची. युरोपीय संघाच्या राष्ट्रीय हिशेबात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचेही अंदाजित भाडे खर्चात धरतात, म्हणून तिथे घर, पाणी व इंधन यांचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास दिसतो. आपल्या सर्वेक्षणात मालकीच्या घराचे असे भाडे मासिक खर्चात धरत नाहीत. इथे इंदूरच्या रामबागेत वडिलोपार्जित वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या वहीत भाड्याचा रकाना कोराच असतो, तर त्याच गल्लीतील भाडेकरूला पगार हाती पडताच आधी घरमालकाचे पैसे बाजूला काढावे लागतात आणि उरतील त्यात किराणा भरावा लागतो. एकूण खर्चातून घरच वगळले की अन्नाचा वाटा आपोआप फुगतो. भारत आणि युरोपातील आकड्यांमधली सगळी तफावत यामुळे पडते असे नाही, पण काही भाग नक्कीच यातून येतो.

औषधोपचाराचेही तसेच. ब्रिटनमध्ये तो खर्च मुख्यतः करांतून भागतो. भारतात २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. घरातील एका शस्त्रक्रियेने वर्षभराचे अंदाजपत्रक कोलमडते, हे मासिक सरासरीत कुठे दिसणार?

यापुढे असे तक्ते छापताना घरभाडे आणि उपचारांचा खर्च कसा मोजला आहे, हे प्रत्येक देशापुढे एका ओळीत द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, इंदूर