बोट चालवायला शिकवतो, यादी करायला कोण शिकवणार?

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: मदत वाटणाऱ्यांच्या प्रशिक्षणात यादी, वाटप व तंटे हे विषय घेण्याबाबत

मा. मंत्री महोदय,

बोटीत किती माणसे घ्यायची याचा धडा ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळने, पुरात जादा माणसे भरलेली बोट उलटून, फार मोठी किंमत मोजून दिला. ‘आपदा मित्र’ या आपत्ती स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेतल्या १२ दिवसांच्या प्रशिक्षणात शोध, बचाव आणि प्रथमोपचारावर भर असतो, तो योग्यच आहे. पण पाणी ओसरल्यावर गावात भांडण पेटते ते मदत कोणाला द्यायची या यादीवरून. ती यादी करणारे संस्थांचे कार्यकर्ते आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी बहुतेक वेळा या कामात कोरेच असतात.

टेम्पो चौकात थांबतो आणि रेशनकार्डांवरून उतरवलेली यादी पुढे येते. एका कार्डावर दोन चुली असल्या की धाकट्या भावाचे कुटुंब सुटते. भाडेकरू, वीटभट्टीवरचे मजूर, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई, गावठाणाबाहेरची पारधी वस्ती यांची नावे तर येतच नाहीत. म्हणून आधी वस्त्या मोजायच्या, मग चुली, आणि कार्ड शेवटी बघायचे, हे पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे. निकष ग्रामसभेत ठरवावेत, यादी मोठ्याने वाचावी, प्रत्येक वस्तीत भिंतीवर लावावी, हरकतींसाठी पूर्ण एक दिवस द्यावा आणि मगच टोकन वाटावे. वाटपाची जागाही विचारपूर्वक निवडावी. ज्या सभामंडपात गावातली काही माणसे पाय ठेवायला कचरतात, तिथे वाटप ठेवले तर त्यांचे टोकन हातातच राहते.

प्रशिक्षणात भाषणे कमी आणि सराव जास्त हवा. चुली १६०, कीट १२०, बाहेर दोन गट तावातावाने बोलताहेत, अशा प्रसंगात प्रशिक्षणार्थींना उभे करा. ‘आधी येईल त्याला’ म्हटले की धडधाकट पुरुष पुढे घुसतात, म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या मागे पडतात. पूर्ण पडलेली घरे आधी, हा निकष सर्वांसमोर सांगून उरलेल्या ४० चुलींना पुढच्या खेपेची तारीख लिहून द्यायची, याचा सराव झालेला माणूस तिथे डगमगत नाही.

आकडेही तोंडपाठ हवेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ खाली राष्ट्रीय प्राधिकरणाने छावण्यांसाठी किमान निकष दिले आहेत: माणशी ३.५ चौरस मीटर जागा, रोज ३ लिटर पिण्याचे पाणी, प्रौढाला २,४०० किलोकॅलरी, ३० जणांमागे एक शौचालय. २० बाय २५ फुटांच्या वर्गखोलीत या हिशेबाने १३ माणसे बसतात. पाच किलो तांदूळ आणि एक किलो डाळ हा नेहमीचा कीट पाच प्रौढांना दोन दिवसही पुरत नाही. आठवडाभर पुरवायचे तर धान्य १७ किलो, डाळ ३ किलो, तेल व साखर धरून ओझे २२ किलोच्या आसपास जाते. ते एकट्या म्हातारीला उचलत नाही, म्हणून दोन पिशव्या कराव्यात. अशी बारीक गोष्ट कागदावरच्या नियोजनात हमखास राहून जाते.

गडचिरोलीसाठी वेगळा भाग हवा. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तिथल्या लोकांनी नक्षलवादी आणि सुरक्षा दले अशा दोन्ही बाजूंच्या बंदुकांचा धाक वर्षानुवर्षे सोसला आहे. तिथे जाणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याने सशस्त्र दलाच्या गाडीतून फिरू नये, कोण कुठे दिसले याची विचारपूस करू नये आणि पाकिटावर कुठल्याही पक्षाचे चिन्ह किंवा नेत्याचा फोटो लावू नये. पथकात माडिया ही तिथल्या आदिवासींची भाषा बोलणारी एक तरी स्त्री असावी, नाहीतर बायकांच्या गरजा पुरुषांच्या तोंडून कळतात आणि अर्ध्याच कळतात.

तक्रारीची सोय वाटपाच्या दिवसापासूनच हवी. फोन नंबर भिंतीवर लावावा, तक्रार घेणारा माणूस वाटप करणाऱ्यांपैकी नसावा आणि तीन दिवसांत उत्तर द्यावे. मदतीच्या बदल्यात पैसे किंवा शरीरसुख मागणे हा गुन्हा आहे, हे कार्यकर्त्याकडून लेखी घ्यावे आणि गावालाही सांगावे. बायका याबद्दल पुरुषाकडे बोलत नाहीत, त्यामुळे तक्रार घ्यायला स्त्रीच हवी.

आमची मागणी अशी आहे: प्रत्येक पूरप्रवण तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पाच दिवसांचे प्रशिक्षण, त्यातले दोन दिवस प्रत्यक्ष गावात. संस्थांचे कार्यकर्ते आणि सरकारी कर्मचारी एकाच वर्गात बसावेत, कारण पुरात त्यांना एकाच यादीवर काम करायचे असते. अभ्यासक्रम ‘यशदा’ या पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेने तयार करावा, आणि १ जूनपूर्वी प्रशिक्षितांची तालुकावार नावे जिल्हा नियंत्रण कक्षाकडे पोहोचावीत.

आपले,
मदतकार्याचे प्रशिक्षक