वळिवडे कॅम्पच्या आठवणी जपण्यासाठी आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद आणि वर्गणी द्यायची राहून गेलेले हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पोलंडहून एक बाई आल्या. हातात आजीचा फोटो : कौलारू बराकीपुढे उभी दोन वेण्यांची मुलगी. ही बराक कुठली, एवढेच त्यांना विचारायचे होते. अध्यक्ष, मी आणि रिक्षावाला गांधीनगरात, म्हणजे महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या जुन्या वळिवडे कॅम्पाच्या जागी, दोन तास हिंडलो. सापडली नाही. चहा पाजून निरोप दिला; फार ओशाळल्यासारखे झाले.

१९४० पासून सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडातील कुटुंबेच्या कुटुंबे सायबेरिया-कझाकस्तानात नेली. १९४१ च्या सोव्हिएत-पोलिश करारानंतर सुटलेली, वाटेत आईबाप गमावलेली मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी या मुलांसाठी उभारलेली बालाचडीची छावणी सर्वांना ठाऊक आहे. पण १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका-मुलेच. शाळा, चर्च, दवाखाना सगळे इथे होते, आणि १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलेही इकडेच आली, हे कोल्हापूरकरांनाच सांगावे लागते! पुढे ती मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली आणि त्याच बराकींत सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे राहिली.

हे काम उभे राहिले ते आपल्या मास्तरांमुळे. निवृत्तीनंतर सायकलवरून वळिवडे, चिंचवाड, उचगाव पालथे घालून त्यांनी कॅम्पात दूध-भाजी घालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टेप केल्या. टेपरेकॉर्डर स्टेशनातल्या साहेबांचा, कॅसेटी गुळाच्या अडत्यांच्या. गांधीनगरच्या कापडवाल्या शेठजींनी तर न मागता लोखंडी कपाट पाठवले, वर म्हणाले, "आमचे आजोबाही असेच आले होते." मास्तर गेल्या श्रावणात गेले. शेवटच्या भेटीतही कॅसेटींना बुरशी आली का, हेच विचारत होते.

आली आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले, तेव्हा अभिनंदनाचे फोन थांबेनात. पुढच्या रविवारच्या सभेला सात जण आले. त्यातले दोघे पाणीपट्टीचे विचारायला. असो.

कॅसेटी संगणकावर उतरवणे, फोटो स्कॅन करणे आणि बराकींचा नकाशा काढणे यासाठी ४०,००० रुपये हवेत, जमलेत ११,५००. पावसाळ्याआधी व्हायला हवे. रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, रोज सायंकाळी ६ ते ८ (सोमवार बंद) कार्यालयात, पावती लगेच मिळेल. जुने फोटो, भांडी, पत्रे स्कॅन करून परत देऊ. घरात ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढचे कोणी कॅम्प पाहिलेले असेल तर निरोप द्या, आम्ही येऊ.

आपला,
कार्यवाह

ता. क. : कपाट आहे. कृपया कपाट देऊ नये.