शाळेची जागा आहे, आता शाळा द्या

माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ३१ वर्षं शिकवलं, त्यातली ९ वर्षं भोर तालुक्यातल्या एका वाडीवर. पट १९. ओढ्याला पाणी आलं की अलीकडची मुलं अलीकडेच राहायची. मग मी त्यांना एखाद्याच्या पडवीत बसवून वर्ग घ्यायची. गैरसोय होती, पण शाळा होती, आणि ती घरापासून चालत जाता येईल अशी होती.

आता मी पुण्याच्या पूर्वेला मुलाकडे राहते. आमच्या संकुलात ७ टॉवर आहेत, प्रत्येकी २२ मजल्यांचे. क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, जॉगिंग ट्रॅक हे सगळं ताबा मिळण्याआधीच तयार होतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या ट्रॅकवर मीही रोज संध्याकाळी चालते. माझं म्हणणं आहे ते मागच्या बाजूच्या, पत्रे ठोकून बंद केलेल्या जागेबद्दल. मंजूर नकाशात तिच्यावर ‘सुविधा क्षेत्र’ लिहिलेलं आहे, म्हणजे ती शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक सोयींसाठी राखलेली जागा. आत कमरेइतकं गाजरगवत आहे.

साहेब, शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. वाडीवर आम्ही हे अंतर मोजून शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायचो. इथे आल्यावर सवयीनं मोजलं. सर्वांत जवळची सरकारी प्राथमिक शाळा ४ किलोमीटरवर आहे आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो, जिथे पादचारी पूल नाही.

फ्लॅटमधली मुलं बसनं जातात. माझी नात सकाळी ६.४० ला गेटवर उभी असते, डोळे अर्धे मिटलेले. पण या टॉवरांच्या आधारानं जगणारी आणखी किती मुलं आहेत! पहारेकऱ्यांची आहेत, शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची आहेत, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची आहेत. आमच्याकडे येणाऱ्या ताईंची मुलगी ७ वर्षांची आहे. आई वर काम करते तोवर ती पार्किंगमध्ये बसून असते. तिला मी पाटी आणून दिली. आता ती ‘कमळ’ आणि ‘नमन’ वाचते, जोडाक्षराला अडते. पहारेकऱ्याची दोघंही येऊन बसतात. पण पार्किंगमध्ये शिकलेल्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर होत नाही. पोषण आहार, पाठ्यपुस्तकं, गणवेश हे सगळं हजेरीपटावर नाव असेल तरच मिळतं.

अशा जागा मुळात मिळतात कशा, हे मी नियम वाचून समजून घेतलं. मोठ्या प्रकल्पाला ठरावीक टक्के जमीन सार्वजनिक सुविधेसाठी सोडावी लागते आणि ती प्रशासनाकडे दिली की बिल्डरला तिचा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्तीचं बांधकाम करण्याचा हक्क, मिळतो. म्हणजे मोबदला चुकता होतो, इमारती उभ्या राहतात, माणसं राहायला येतात, आणि सुविधेची जागा तेवढी पत्र्याआड राहते. इमारतीला मुदत असते, भोगवटा प्रमाणपत्राची वाट पाहणारे लोक असतात. या जागेला ना मुदत, ना तिची वाट पाहणारं कोणी. माझी पहिली विनंती हीच आहे की जागा ताब्यात आल्यापासून २ वर्षांत तिच्यावर काम सुरू झालंच पाहिजे, असं नियमातच लिहा.

दुसरी गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियमावली आली, तेव्हा पुण्यासारख्या शहरात सुविधा क्षेत्राची अट २०,००० चौरस मीटरच्या, म्हणजे जवळपास ५ एकरांच्या पुढच्या जागेपुरती ठेवली गेली. त्याआधी पुण्यात ती एकरभर जागेपासून लागत असे. आमच्याकडच्या शेतजमिनी वाटण्या होऊन होऊन २-३ एकरांवर आलेल्या. अशा तुकड्यांवर शेजारी शेजारी चार प्रकल्प उभे राहिले, तर हजार कुटुंबं येतील आणि शाळेसाठी एक गुंठाही सुटणार नाही. ही अट एकरापासूनच हवी.

पैसे नाहीत, असं कृपा करून सांगू नका. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायदा १९६६ खाली प्रत्येक बांधकामाकडून जे विकास शुल्क घेतलं जातं, ते सार्वजनिक सुविधांसाठीच असतं. ज्या भागातून ते गोळा झालं, तिथल्या शाळेला आणि दवाखान्याला त्यातला वाटा आधी मिळावा. या जागा खासगी संस्थांना दीर्घ मुदतीनं भाड्यानं देण्याचा प्रस्तावही पुण्यात २०२१ मध्ये आला होता आणि नागरिकांनी त्याला विरोध केला होता. तसं झालं तर तिथे शाळा येईलही, पण पार्किंगमधल्या मुलीला तिची फी परवडणार नाही.

वाडीवरच्या शाळा पट २० च्या आत आहे म्हणून बंद होण्याची भीती आम्ही पाहिली आहे. इथे पटाची काळजीच नाही. चार खोल्या, एक हातपंप किंवा टाकी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि दोन शिक्षक, एवढ्यावर जूनमध्ये सुरुवात होऊ शकते. शिक्षक मिळेपर्यंत पहिलीचा वर्ग मी विनावेतन घेईन. पत्रे काढून गवत कापायला संकुलातले दहा-बाराजण तयार आहेत, आम्हाला फक्त लेखी परवानगी हवी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका